किती मॅडम

गाजुल मॅडमच्या शोकसभेत आमच्या संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, "या कॉलेजात लोकशाहीची मूल्यं कुणी रुजवली असतील, तर ती मॅडमनी." मग सगळे उठून उभे राहिले. उपप्राचार्यांनी पाऊण मिनिटातच घसा खाकरून बसायची खूण केली, कारण बाहेर चहा निवत चालला होता. शोकठराव एकमताने मंजूर झाला.

मीही उभा होतो, मान खाली घालून. मान खाली घालणं मला चांगलं जमतं. त्याच्यावरच माझी नोकरी कायम झाली. पण त्या दिवशी घरी आल्यावर जेवण गेलं नाही. अध्यक्ष खोटं बोलले याचं एवढं काही नव्हतं, ते बोलतातच. त्या खोट्यावर सभागृहात एकाचीही भुवई हलली नाही, आणि न हललेल्या भुवयांत माझी होती, हे सलत राहिलं. म्हणून मला आठवतात तशा मॅडम लिहून ठेवतोय.

अनसूया गाजुल. राज्यशास्त्र विभागप्रमुख. विभागात त्या एकट्याच होत्या, त्यामुळे प्रमुखही त्याच. बुटक्या, सावळ्या, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. घर सोलापूरच्या पूर्व भागात. वडील चादरीच्या मागावर काम करायचे. लहानपणी मॅडमचं काम ताण्याचे धागे मोजून द्यायचं. "एक धागा चुकला की फूल वाकडं," त्या सांगायच्या. "आणि वाकडं फूल बाबांच्या आधी गिऱ्हाइकाला दिसायचं." घरी तेलुगू, बाहेर मराठी, असं त्यांचं आयुष्य. व्याख्यान मराठीत द्यायच्या, भांडणही मराठीतच करायच्या, पण मोजायची वेळ आली की ओठांतल्या ओठांत तेलुगू सुरू व्हायचं. ओकटी, रेंडु, मूडु.

पोरं त्यांना पाठीमागे 'किती मॅडम' म्हणत. वर्गात कुणी उठून म्हणालं, "मॅडम, आपल्याकडं लोकशाही आहे," की त्या विचारत, "किती?"

पोरं हसत.

"हसताय काय? घरात दूध आहे म्हटलं की तुमची आई विचारते की नाही, किती आहे? मग हिलाच का नाही विचारायचं?"

स्टाफरूममध्ये यावरून अर्थशास्त्राच्या कुलकर्णी सरांशी त्यांचं रोजचं वाजायचं. सरांचं म्हणणं, लोकशाही असते नाहीतर नसते. निवडणूक होते, सत्ताधारी हरू शकतो, हरला की घरी जातो, एवढं असलं की झालं. मॅडम म्हणायच्या, "ते दिव्याचं झालं सर. चालू किंवा बंद. मला ती तापासारखी वाटते. अंगाला हात लावून कळत नाही, काचेची नळी लागते." परदेशातल्या संस्था दरवर्षी साऱ्या देशांना लोकशाहीचे गुण देतात आणि आपला देश खाली आला की टीव्हीवर आरडाओरडा होतो, त्याचंही त्यांना फारसं कौतुक नव्हतं. ते सगळं वाचायच्या मात्र शब्दन् शब्द. कुठल्या संस्थेनं कुठला प्रश्न विचारला, कुणाला विचारला, तज्ज्ञ म्हणजे कोण, हे त्यांना पाठ असे. "अख्ख्या देशाला एक आकडा?" त्या म्हणायच्या. "करमाळ्यात पाऊस पडतो तेव्हा मैंदर्गी कोरडी असते. जिल्ह्याचा पाऊस कुणी एका बादलीत मोजतं का?"

म्हणून त्यांनी स्वतःचं माप केलं होतं. गावाचं. एका पानाचं पत्रक. ग्रामसभेत कोण बोललं, किती वेळ बोललं, कुणाला मध्येच तोडलं, बाया कुठं बसल्या, बोललेल्यातलं इतिवृत्तात काय उतरलं. विद्यार्थ्यांना घेऊन त्या गावोगाव ग्रामसभांना जायच्या आणि पोरं मागच्या बाजूला बसून खुणा करायची. पत्रकाच्या तळाशी शेवटचा प्रश्न होता: 'नाही' म्हणणाऱ्याचं दुसऱ्या दिवशी काय झालं?

त्या एका प्रश्नासाठी त्या दुसऱ्या दिवशी परत त्याच गावाला जायच्या. रजा टाकून, स्वतःच्या खर्चानं, एसटीनं. "लोकशाही सभेत मोजून उपयोग नाही," म्हणायच्या. "सभेत सगळे धीट असतात. सकाळी रेशनच्या दुकानात उभे राहतात तेव्हा मोजायची."

बाई प्रेमळ होत्या असं मी म्हणणार नाही. एखाद्या पोरीच्या डोळ्यांत पाणी असलं तर मॅडमना ते दिसेलच असं नाही, पण तिनं तासाला किती वेळा तोंड उघडलं ते त्यांना माहीत असे. एकदा मला म्हणाल्या, "प्राचार्यांशी बोलताना तुम्ही आज नऊ वेळा 'हो सर' म्हणालात. त्यातलं तीन वेळा त्यांचं वाक्य संपलंच नव्हतं." मी तेव्हा तासिका तत्त्वावर इतिहास शिकवत होतो. दर वर्षी जूनमध्ये नव्यानं नेमणूक आणि मार्चमध्ये सुट्टी. मला राग आला. खरं होतं म्हणून जास्तच आला.

मैंदर्गीच्या पुढच्या एका गावात मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो, पोरांबरोबर दुसरा शिक्षक लागतो म्हणून. सरपंच बाई होत्या. त्या पायरीवर बसल्या होत्या आणि खुर्चीवर त्यांचे यजमान. पोरांच्या हातातली पत्रकं बघून ते म्हणाले, "तुमी काय लिवताय ते आमाला बी कळू द्या की."

"कोण किती बोललं ते," मॅडम म्हणाल्या. "सरपंच अजून बोलल्या नाहीत."

"त्येंच्या वतीनं मी बोलतोय की. हितं समदं एकमतानं चालतंय, बाई."

तेवढ्यात मागून एक म्हातारी उठली. गंगव्वा. तिला मराठी कळायची, पण राग आला की कन्नडच यायचं. "नीर इल्लरी, नीर!" ती ओरडली. पाणी नाही. तिच्या गल्लीला तीन आठवडे पाणी नव्हतं आणि पुढाऱ्यांच्या गल्लीत गाड्या धुवायला होतं. ग्रामसेवक पेन टेकवून बसून राहिला. मॅडमनी उठून सांगितलं, "लिहा हे." तो म्हणाला, "बाई कन्नडमध्ये बोलतायत, मराठीत बोलल्या तर लिहितो." मॅडमना सोलापुरात वाढल्यामुळे कन्नड कळायचं. मग त्यांनी गंगव्वाचा शब्दन् शब्द मराठीत सांगितला आणि इतिवृत्तात उतरेपर्यंत त्याच्या डोक्यावर उभ्या राहिल्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या. परत येताना गाडीत पोरं गाणी म्हणत होती. मॅडमही त्या दिवशी हसत होत्या. तसं हसताना मी त्यांना फार वेळा पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्या गेल्या. गंगव्वाच्या गल्लीला पाणी आलं होतं. घरकुलाच्या यादीतून मात्र तिचं नाव गेलं होतं.

म्हातारी दारात बसून होती. मॅडमनी मला नंतर सांगितलं, ती एवढंच म्हणाली, "तू लिवून घेतलीस आन् गेलीस. मी हितंच ऱ्हायले की."

त्यानंतर दीड वर्ष मॅडम त्या नावासाठी पंचायत समितीच्या पायऱ्या झिजवत होत्या. अर्ज, स्मरणपत्र, माहितीचा अधिकार, अपील. शेवटी नाव परत यादीत आलं. तोपर्यंत गंगव्वा लेकीकडं विजापूरला गेली होती आणि तिथंच वारली. मॅडमनी पत्रकातून नावं लिहायचा रकाना काढून टाकला. मी म्हटलं, "मॅडम, तुमचा यात काय दोष?" त्यांनी पेन्सिल अंबाड्यात खोचली. "माप मी घेतलं," म्हणाल्या. "चटका तिला बसला."

एवढ्यावर शहाणं माणूस थांबलं असतं. त्या थांबल्या नाहीत. मापाची चूक नाही, ते जिथं लावायचं तिथं लावलं नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

आमच्या संस्थेची निवडणूक कित्येक वर्षं बिनविरोध होत आली होती. त्याचे पेढे दर वेळी स्टाफरूममध्ये यायचे. मॅडम पेढा घ्यायच्या, खायच्या आणि म्हणायच्या, "बिनविरोध म्हणजे एक तर सगळे सुखी, नाहीतर सगळे घाबरलेले. सगळे सुखी असलेलं गाव मला अजून सापडलं नाही." आम्ही दाराकडं बघत हसायचो.

त्या वर्षी तिसऱ्या वर्षात रेश्मा नावाची मुलगी होती. वडील रिक्षा चालवत. हुशार, आणि हुशारीपेक्षा धीट. प्रकल्पासाठी मॅडमनी गाव निवडायला सांगितलं, तर ती म्हणाली, "मॅडम, आपलं कॉलेज घेऊ का? हे पण गावच आहे की." मॅडमनी एक दिवस विचार केला आणि हो म्हणाल्या. तो एक दिवस त्यांनी काय विचार केला, हे मला पुढं पुष्कळदा विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

रेश्मानं चार महिने काम केलं. विद्यार्थी प्रतिनिधी कोण निवडतं, तक्रारपेटीची किल्ली कुणाकडं असते, प्राध्यापकांच्या सभेत कोण बोलतं. विभागाच्या चर्चासत्रात तिनं ते वाचून दाखवलं. शेवटी फळ्यावर गावांची उतरंड काढली. सरपंचबाईंचे यजमान जिथं खुर्चीवर बसले होते ते गाव तळाला होतं. त्याच्याखाली तिनं आमच्या कॉलेजचं नाव लिहिलं.

वर्गात पोरांनी बाकं वाजवली. कुणीतरी फळ्याचा फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो अध्यक्षांच्या फोनवर होता.

तिसऱ्या दिवशी प्राध्यापकांची तातडीची सभा. प्राचार्यांनी ठराव वाचला: सदर प्रकल्प अशास्त्रीय असून त्याने संस्थेची बदनामी झाली आहे, सबब तो रद्द करण्यात यावा व संबंधित प्राध्यापिकेस समज देण्यात यावी.

मॅडम भिंतीकडेच्या खुर्चीवर होत्या. त्या उठल्या.

"ठराव घ्या सर. माझी हरकत नाही. फक्त गुप्त मतदान घ्या. चिठ्ठ्या मी आणल्यात." त्यांनी पिशवीतून कोऱ्या कागदाचे सारखे कापलेले तुकडे काढून टेबलावर ठेवले.

प्राचार्य हसले. "मॅडम, हे आपलं कुटुंब आहे. घरात कसलं गुप्त मतदान? ज्यांना ठराव मान्य आहे त्यांनी हात वर करावेत."

क्षणभर कुणाचाच हात गेला नाही. मग उपप्राचार्यांचा गेला. मग ग्रंथपालांचा. मग पटापट. कुलकर्णी सर, ज्यांच्याशी मॅडम रोज भांडायच्या, तेवढे हाताची घडी घालून खिडकीबाहेर बघत बसले. त्यांच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते.

माझी मुलाखत पुढच्या आठवड्यात होती. कायम जागेची. मी हे कारण म्हणून सांगत नाही, होती एवढंच सांगतो. मी हात वर केला.

मॅडमनी अंबाड्यातली पेन्सिल काढली होती. त्या एकेका हाताकडं टोक करून मोजत होत्या, ओठ हलत होते. मी जवळच बसलो होतो, मला ऐकू येत होतं. पदकोंडु. पन्नेंडु. पेन्सिल माझ्यापाशी आली. मला वाटलं ती थांबेल. थांबली असती तर बरं झालं असतं, पुढं आयुष्यभर तिचा राग तरी करता आला असता. ती थांबली नाही. पदमूडु, म्हणजे तेरा, एवढं म्हणून पुढच्या हाताकडं गेली.

त्यांनी आकडा कागदावर लिहिला, चिठ्ठ्या गोळा करून पिशवीत टाकल्या आणि तासाला निघून गेल्या.

पुढचं सगळं नियमानं झालं. नियमानं म्हणतो, कारण कुठंही कुणाला बोट ठेवता येणार नाही. प्रवेशाच्या खिडकीवरचा क्लार्क पोरांना सांगायला लागला, "राज्यशास्त्र नको घेऊ, त्याला स्कोप नाय." विद्यार्थी कमी झाले म्हणून विशेष विषय बंद झाला. विषय बंद म्हणून विभागाची खोली क्रीडा साहित्याला गेली. कार्यभार नाही म्हणून मॅडमची बदली संस्थेच्या करमाळ्याच्या कॉलेजात झाली. घरी अंथरुणाला खिळलेली आई. पहिले काही महिने त्यांनी रोज जाऊन येऊन केलं. पहाटेची एसटी, अंधार पडल्यावर परत. आई गेल्यावर तिकडंच एक खोली घेतली.

रेश्माला अंतर्गत गुणांत नापास केलं. प्रकल्पच रद्द, तर त्याचे गुण कुठून देणार? मॅडम तिच्या घरी गेल्या, पुढच्या वर्षी परत परीक्षेला बस म्हणून सांगायला. दारातच तिच्या वडिलांनी हात जोडले. "पढने कू भेजे थे मॅडम," ते म्हणाले. "झगडने कू नक्को." रेश्मा पडद्यामागं होती, बाहेर आली नाही. त्या वर्षीच तिचं लग्न झालं. हे मॅडमनी मला एसटी स्टँडवर उभ्या उभ्या सांगितलं, एखाद्या गावाचा अहवाल सांगावा तसं. शेवटी म्हणाल्या, "एक म्हातारी, एक पोरगी." आणि गाडीत चढल्या.

माझ्याशी त्या बोलत होत्या, हेच मला समजत नसे. अबोला धरला असता तर सोपं गेलं असतं.

दोन वर्षांनी कॉलेजच्या मूल्यांकनासाठी बाहेरची समिती येणार होती. कॉलेजनं स्वतःचा असा एक अभिनव उपक्रम दाखवायचा असतो. प्राचार्यांनी मला बोलावलं. तोपर्यंत मी कायम झालो होतो. "ते ग्रामसभेचं माप होतं ना," ते म्हणाले, "ते आपण दाखवू. लोकशाही निर्देशांक. तुम्ही सादर करा."

"सर, ते तर अशास्त्रीय ठरवलं होतं."

"ते कॉलेजपुरतं हो. गावांना शास्त्रीयच आहे."

मी मॅडमना फोन केला. काय तोंडानं केला ते विचारू नका. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सगळी पत्रकं माझ्याकडं आहेत. पाठवते. मोजलेलं खरं आहे, ते कुणाच्या हातात गेलं म्हणून खोटं होत नाही. फक्त शेवटचा प्रश्न काढू नका. तो काढला तर मग उरलेलं नुसतं हजेरीपुस्तक आहे."

"नाही काढणार," मी म्हणालो.

दोन पोती भरून पत्रकं एसटीच्या पार्सलनं आली. वर्षावार, गावावार, सुतळीनं बांधलेली. प्राचार्यांनी एक पत्रक उचलून तळापर्यंत वाचलं आणि लाल पेनानं शेवटच्या प्रश्नावर रेघ मारली. "हे निगेटिव्ह वाटतं."

मी रंगीत तक्ते केले. समितीच्या अध्यक्षांनी पाठ थोपटली, "ग्रासरूटला असं काम क्वचित बघायला मिळतं," म्हणाले. माहितीपत्रकात उपक्रमाचे समन्वयक म्हणून माझं नाव आहे. त्याच पानावर 'सहभागी व लोकशाहीवादी प्रशासन' या शीर्षकाखाली कॉलेजनं स्वतःलाच पूर्ण गुण दिलेत. मॅडमचं नाव कुठंच नाही. मी ते घालायला सांगितलं होतं का, असं कुणी विचारलं, तर सांगितलं होतं. एकदा, हळू आवाजात, आणि प्राचार्य फोनवर असताना.

त्या करमाळ्याच्या खोलीतच गेल्या, झोपेत. निवृत्तीला सव्वा वर्ष राहिलं होतं. दूधवाल्यानं सकाळी दार वाजवलं तेव्हा कळलं.

त्याच्या तीनेक महिने आधी मी तिकडं वक्तृत्व स्पर्धेचा परीक्षक म्हणून गेलो होतो. स्पर्धेला वेळ होता. शिपायाला विचारलं, "गाजुल मॅडम कुठं भेटतील?" त्यानं व्हरांड्याच्या टोकाची खोली दाखवली. पत्र्याचं छप्पर, आत पंधरा-वीस पोरं, निम्मी बाकं रिकामी. दार उघडं होतं. मॅडम टेबलाला टेकून उभ्या होत्या. केस बरेच पिकले होते. हातात गाईड होतं, परीक्षेच्या आधी बसस्टँडवर मिळतं तसलं, पिवळ्या कागदाचं. ज्या बाईंनी उभ्या आयुष्यात वर्गात नोट्स दिल्या नव्हत्या, त्या सावकाश वाचून लिहायला सांगत होत्या.

"लिहा. लोकशाहीचे प्रकार दोन. पहिला, प्रत्यक्ष लोकशाही. दुसरा, अप्रत्यक्ष लोकशाही. खाली रेघ मारा."

दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. दोन वेण्या, हातात पेन. "मॅडम, अप्रत्यक्ष म्हंजी नेमकं काय वो?"

मॅडमनी गाईडमधून डोळे वर केले. त्या मुलीकडं त्या बराच वेळ बघत राहिल्या. इतका वेळ की मागच्या पोरांची चुळबुळ सुरू झाली.

"ते परीक्षेला विचारत नाहीत," त्या म्हणाल्या. "बस खाली. लिही."

मुलगी बसली. मॅडमची नजर तिच्यावरून दारात आली. मी तिथंच उभा होतो. मला त्यांनी ओळखलं असणार, कारण गाईडमधली ओळ त्यांच्याकडून सुटली. मग त्यांनी बोट लावून ओळ शोधली आणि पुढचा मुद्दा सांगायला लागल्या.